फुकटचा सल्ला, महागाचं चाक

सायकलीचं चाक दुरुस्त करावं की नवं घ्यावं, असं दुकानात विचारलं की हल्ली एकच उत्तर मिळतं: बदला. तार तुटली? चाक बदला. चाक डुगडुगतंय? बदला. आतून करकर येते? बदलूनच टाका काका, कटकट मिटेल. असं सांगणारा माणूस लबाड असतो, असं माझं अजिबात म्हणणं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं. तो असं का सांगतो, याचं उत्तर त्याच्या गल्ल्यात थोडंसं आणि आपल्या खिशात बरंच सापडतं.

मी एसटीच्या दापोडी इथल्या मध्यवर्ती कार्यशाळेतून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो. तिथे कुठली वस्तू पुन्हा वापरायची आणि कुठली भंगारात टाकायची, हे कुणाच्या मर्जीवर नसायचं. बसच्या ब्रेक ड्रमला आतून चरे पडले की तो लेथवर चढायचा. घासून साफ केल्यावर आतला व्यास ठरलेल्या मर्यादेत राहिला तर ड्रम पुन्हा गाडीवर, मर्यादा ओलांडली तर थेट भंगारात. ‘चालवून घेऊ’ हा शेरा मारायची सोय नव्हती. टायर गुळगुळीत झाला म्हणून कुणी तो फेकत नसे. आधी त्याचा आतला सांगाडा तपासायचा, तो धड असला तर वर नवा रबर चढवायचा आणि तोच टायर पुन्हा रस्त्यावर धावायचा. आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे तेव्हा आमचं कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. माप घेणाऱ्याचा पगार ठरलेला होता. ड्रम गाडीवर गेला काय आणि भंगारात गेला काय, पहिल्या आठवड्यात हातात पडणारी रक्कम तीच. त्यामुळे त्याची पट्टी खोटं बोलत नसे.

सायकलीच्या दुकानात उभं राहिलं की या गोष्टीचं मोल कळतं.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या मुलीच्या सायकलीचं मागचं चाक बिघडलं. ती दापोडीहून गणेशखिंडीला कामाला जाते. सायकल गिअरची, ब्रेक रिमवर दाबणारे. एक तार तुटली होती, चाक ब्रेकच्या रबराला घासत होतं आणि ब्रेक दाबला की अख्खी सायकल थरथरायची. काचेच्या दारांच्या एका दुकानात गेलो. तिथल्या मुलानं चाक एकदा हातानं फिरवलं आणि म्हणाला, “काका, पूर्ण चाकच टाका. तीन हजार दोनशे. अर्ध्या तासात देतो.”

“पण यातलं गेलंय काय?” मी विचारलं.

मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, “ते बघत बसलो तर निम्मा दिवस जाईल काका. आणि बघण्याचे पैसे कोण देतं?”

मी तिथून निघालो आणि कासारवाडीला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. पण त्या मुलाचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. बघण्याचे पैसे खरंच कोण देतं?

सायकलीच्या चाकाकडे एकच एक वस्तू म्हणून पाहिलं की ‘बदला’ हेच उत्तर येणार. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिघींचं आयुष्य वेगवेगळं आहे. मधे हब, बाहेर रिम आणि दोन्हींना जोडणाऱ्या तारा, म्हणजे स्पोक. जेम्स स्टार्ली या इंग्रज कारागिरानं १८७४ मध्ये हबपासून तिरप्या निघणाऱ्या तारांचं चाक आणलं, आणि आज रस्त्यावर दिसणारी बहुतेक चाकं त्याच बांधणीची आहेत. या बांधणीत कुठलाही भाग दुसऱ्याला डकवलेला नाही. प्रत्येक तार वेगळी निघते, रिम वेगळी निघते, हब खोलता येतो. एवढ्या सहज सुटणाऱ्या वस्तूबद्दल ‘अख्खी फेका’ असं ऐकावं लागतं, याचंच मला नवल वाटतं.

तारांचं काम समजलं की निम्मं निदान होतं. आपल्याला वाटतं, माणसाचं वजन खालच्या तारांवर उभं राहतं. पण एवढी बारीक तार वजनाखाली उभी कशी राहील? ती वाकेल. चाक बांधतानाच प्रत्येक तार ताणून ठेवलेली असते. चांगल्या बांधलेल्या चाकात एकेका तारेवर साठ ते शंभर किलोच्या आसपास ओढ असते. आपण बसलो की जमिनीलगतच्या तीन-चार तारांची ओढ तेवढ्यापुरती कमी होते, चाक पुढं गेलं की पुन्हा पूर्ववत होते. बाज विणताना एक सुतळी ढिली राहिली तर शेजारच्या सगळ्यांवर भार येतो आणि बाज एका बाजूला खचते, तसंच इथं होतं. माझ्या मुलीच्या सायकलीचं चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४६० वेळा फिरतं. म्हणजे हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक तार साडेचार लाखांहून अधिक वेळा सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. तार तुटते ती अशी थकून. तीही बहुधा हबमध्ये अडकलेल्या बाकाजवळ, मागच्या चाकात आणि फ्रीव्हीलच्या बाजूला, कारण ओढ तिथं सगळ्यात जास्त असते.

लोकांना वाटतं तार जास्त कसल्यामुळे तुटली. बहुतेक वेळा उलटं असतं. ढिल्या चाकातली तार दर फेऱ्याला पूर्ण सैल पडते, झटका खाते आणि लवकर जाते. म्हणून एक तार तुटली तर एक तार बदलायची आणि बाकीच्यांचा ताण सारखा करायचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरी, मग तिसरी तुटली तर मात्र समजायचं की उरलेल्याही थकल्या आहेत. तेव्हा सगळ्या तारा नव्या घालून चाक पुन्हा बांधायचं. हब आणि रिम धड असतील तर त्यांचा यात काही दोष नाही.

कासारवाडीच्या मिस्त्रींनी आधी सायकल उलटी केली आणि एकेका तारेला बोटानं छेडत गेले. सारख्या ताणाच्या तारा सारख्या वाजतात, सैल तार भसाड्या आवाजात बोलते. मग फ्रीव्हीलच्या मागं बोट घालून तारांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि मला म्हणाले, “भाऊ, इथं नख अडकतंय बघा.” कधीतरी चेन फ्रीव्हीलवरून घसरून तारांमध्ये पडली होती आणि तिनं चार तारांना ओरखडे काढले होते. तुटलेली तार त्यातलीच. म्हणजे तारा म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या, जखमी झाल्या होत्या. चार बदलल्या की बाकीच्या आणखी कैक वर्षं चालणार. शिवाय गिअरचा स्क्रू थोडा फिरवून चेनचा तो रस्ता त्यांनी बंद केला. नवं चाक घातलं असतं तर चेन पुन्हा तिथंच पडली असती आणि नव्या तारांनाही तसेच ओरखडे आले असते.

मग आली रिम. ज्या सायकलींचे ब्रेक रिमवर दाबतात, त्यांची रिम हाच अर्धा ब्रेक असतो. रबर झिजतं तशी रिमही झिजते. पुण्यातल्या पावसाळ्यात तर फारच, कारण रबरात वाळूचे कण रुतून बसतात आणि दर ब्रेकला अॅल्युमिनियम खरवडून निघतं. पावसात सायकल पुसताना फडक्याला जो काळपट लेप लागतो, त्यात रबराबरोबर रिमचाही अंश असतो. मिस्त्रींनी लोखंडी पट्टी रिमच्या बाजूला आडवी लावली आणि उजेडाकडे धरली. पट्टी आणि रिम यांच्यामध्ये स्पष्ट फट दिसली. सपाट असायला हवी ती भिंत आत खोलगट झाली होती. नव्या रिमची ही भिंत साधारण दीड मिलिमीटर जाड असते. ती एक मिलिमीटरच्या खाली गेली की रिमचा भरवसा धरू नये. आत ट्यूबमधली हवा भिंतीला सतत बाहेर ढकलत असते. पातळ झालेली भिंत एखाद्या उतारावर, ब्रेक दाबलेला असताना उभी चिरली जाऊ शकते, तीही आगाऊ सूचना न देता. अनेक रिमांवर कंपनी बारीक खाच किंवा ठिपक्याएवढा खड्डा ठेवते. तो दिसेनासा झाला की रिमचं आयुष्य संपलं. हे माप ग्राहकाला घरच्या घरी, पैसे न मोजता पाहता येतं. दुकानदारांनी ते सांगायला हवं, पण आपणही विचारायला हवं.

मुलीच्या सायकलीवर ती खाच पुसली गेली होती. म्हणजे दुकानातला मुलगा ‘बदला’ म्हणाला, त्यात तथ्य होतं. बदलायला हवी होती ती रिम. तो विकत होता अख्खं चाक.

उरला हब. हब म्हणजे दोन वाट्या, दोन कोन, मधून एक्सल आणि त्यांच्यात फिरणारे छर्रे. मागच्या साध्या हबमध्ये बहुधा पाव इंची छर्रे, दर बाजूला नऊ. पुढच्यात थोडे बारीक, दर बाजूला दहा. चाक हलवल्यावर खुटखुट लागली, किंवा एक्सल बोटांनी फिरवताना आत खडे असल्यासारखं जाणवलं, तर हब खोलायचा. छर्ऱ्यांची चमक गेली असेल तर सगळेच बदलायचे, निवडून चार-दोन नाहीत. कोनावर खड्डे पडले असतील तर कोन बदलायचा. या दोन्ही वस्तू किरकोळ किमतीच्या आहेत. वाटीला मात्र खड्डे पडले असतील आणि ती हबमध्ये पक्की बसवलेली असेल, तर हब गेला. मग तारा, रिम आणि मजुरीचा हिशेब करता नवं चाक घेणंच शहाणपणाचं ठरतं. मुलीच्या सायकलीच्या वाट्या स्वच्छ होत्या. ग्रीस तेवढं सुकून चिवट झालं होतं.

नवी रिम आणताना मिस्त्रींनी सांगितलेल्या दोन गोष्टी मी मुद्दाम नोंदवतो, कारण ‘याची रिम मिळतच नाही’ हे वाक्य दुकानात फार ऐकू येतं. पहिली गोष्ट मापाची. आपल्याकडच्या जुन्या काळ्या दणकट सायकलीच्या टायरवर २८ इंच लिहिलेलं असतं आणि नव्या माउंटन बाइकच्या टायरवर २९. पण टायर ज्या कडेवर बसतो तिथला व्यास जुन्या सायकलीचा ६३५ मिलिमीटर असतो आणि २९ इंची नव्या सायकलीचा ६२२. म्हणजे अठ्ठावीसवाली एकोणतीसवालीपेक्षा मोठी! इंचांच्या या गोंधळात शिरूच नये. टायरच्या बाजूला ३२-६२२ असे दोन आकडे कोरलेले असतात. त्यातला दुसरा जुळला की टायर रिमवर बसतो. दुसरी गोष्ट तारांची. नव्या रिमला भोकं तेवढीच हवीत आणि तारांची टोकं रिममध्ये धरून ठेवणारे निपल जिथं टेकतात तिथला व्यासही जुन्याइतकाच हवा, म्हणजे जुन्याच तारा पुन्हा चालतात.

तशी रिम मिळाल्यावर मिस्त्रींनी ती जुन्या रिमला शेजारी लावून टेपनं बांधली, हवेच्या व्हॉल्व्हचं भोक भोकासमोर आणलं, आणि एकेक तार जुनीतून सोडवून समोरच्या नवीत घातली. तारांची वीण मोडली नाही, हब जागचा हलला नाही. मग आऊट काढायला बसले. चाक चिमट्यात फिरवत राहायचं, कुठं डावीकडे जातंय, कुठं उजवीकडे, कुठं वर उचललं जातंय ते पाहायचं, आणि त्या जागचे निपल चावीनं पाव-पाव फेरा फिरवायचे. एका बाजूला कसलं की दुसऱ्या बाजूला तेवढंच सैल. मधूनच समोरासमोरच्या तारा मुठीत धरून जोरात आवळल्या, म्हणजे पीळ बसलेल्या तारा कडकड करत आपल्या जागी बसतात. घाईत बांधलेल्या चाकात हे आवळणं राहून जातं आणि असं चाक काही दिवसांत पुन्हा डुगडुगायला लागतं. मिस्त्रींनीही बजावलं, “पंधरा दिवस चालवा आणि परत आणा. एकदा पुन्हा कसायला लागेल. त्याचे पैसे नाहीत.”

रिम अकराशेची. तारा, छर्रे, ग्रीस आणि मजुरी धरून सगळं मिळून अठराशेच्या आत बसलं. मजुरी सहाशे.

माझे चौदाशे वाचले, पण मला सांगायचंय ते त्या सहाशेबद्दल. हे काम दुपारभर चाललं होतं. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “अख्खं चाक विकलं असतं तर एवढेच सुटले असते, आणि तुमचा चहा संपायच्या आत तुम्हाला वाटेला लावलं असतं.” त्याच वेळी शेजारी एक तरुण उभा होता. सायकल चांगली महागाची. त्यानं बाटली ठेवायचा पिंजरा आणि मागचा लाल दिवा छापील किमतीला, एक शब्द न बोलता घेतला. मग आऊट काढायचे दीडशे ऐकले आणि म्हणाला, “दीडशे? नुसती चावी तर फिरवलीत!” शंभरावर तडजोड झाली.

‘बदला’ या उत्तराचा जन्म या पन्नास रुपयांत आहे. वस्तूवर छापील किंमत असते म्हणून आपण ती गुमान देतो. कसबावर काही छापलेलं नसतं, म्हणून तिथं घासाघीस करतो. निदानाला, म्हणजे अमुक भाग गेलाय आणि तमुक धड आहे हे सांगायला तर आपण काहीच देत नाही. वर तीन दुकानांत निदान करून घेतो आणि चौथ्या ठिकाणी सगळ्यात स्वस्त वस्तू मोबाइलवरून मागवतो. मग ज्याची सगळी कमाई वस्तू विकण्यात आहे, त्याच्याकडून वस्तू विकू नका असा सल्ला आपण कोणत्या तोंडानं मागतो? एसटीतल्या माप घेणाऱ्याला पगार होता, म्हणून त्याला ड्रम वाचवणं परवडत होतं. दुकानातल्या मुलाला चाक वाचवणं परवडत नाही. त्याला तसं शिकवायलाही कुणी बसत नाही, कारण शिकून जास्त मिळणार नाही.

यावर कुणी म्हणेल, काका, जमाना बदलला, नवं चाक यंत्रावर बांधलेलं येतं, स्वस्त आहे, वेळ वाचतो. वेळेचा मुद्दा खरा आहे. ज्याची मजुरी सायकलीवर पोचण्यावर अवलंबून आहे, त्याला दुपारभर थांबणं महाग पडतं. अशा माणसानं नवं चाक घेतलं तर मी त्याला दोष देणार नाही. दुसरा आक्षेपही मान्य आहे: प्रत्येक जुना मिस्त्री उत्तम असतो असं नाही. लोखंडी रिम हातोडीनं ठोकून सरळ करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यातल्या काहींनी अॅल्युमिनियमच्या रिमलाही हातोडीच लावली आणि ती तडकवली. खड्ड्यात आपटून रिमच वाकली असेल तर तारा कमी-जास्त ओढून ती दिसायला सरळ होते, पण ताण असमान राहतो आणि मग तारा एकेक करून तुटू लागतात. अशा रिमची परीक्षा सोपी आहे. तारा सगळ्या सैल करायच्या आणि रिम कडप्प्याच्या सपाट ओट्यावर आडवी ठेवायची. तिथंही ती उचललेली दिसली तर तिला निरोप द्यायचा. ‘जुनं ते सोनं’ म्हणत झिजलेली रिम आणखी एक पावसाळा ढकलणं ही काटकसर नाही, स्वतःच्या दातांशी खेळ आहे.

म्हणजे माझा आग्रह दुरुस्तीचा नाही. आग्रह मापाचा आहे. कधी माप म्हणेल एक तार, कधी म्हणेल रिम, कधी अख्खं चाक. ज्यांच्या सायकलींना डिस्क ब्रेक आहेत त्यांची रिम ब्रेकनं झिजतच नाही, तिथं माप आणखी वेगळं काही सांगेल. पण माप घ्यायलाही माणूस लागतो आणि त्याच्या वेळेला किंमत लागते.

काही देशांनी ही गोष्ट कायद्याच्या आणि पैशाच्या भाषेत मांडली आहे. स्वीडननं २०१७ मध्ये सायकली, चपला-बूट आणि कपड्यांच्या दुरुस्तीवरचा कर २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला. विचार साधा होता: दुरुस्तीच्या बिलात मोठा वाटा मजुरीचा असतो, तो हलका केला तर लोक फेकण्याआधी विचार करतील. फ्रान्सनं २०२० मध्ये टाळेबंदी उठताना एक योजना आणली. घरात पडून असलेली सायकल दुरुस्त करून रस्त्यावर आणा, बिलातले ५० युरोपर्यंत सरकार देईल. दहा लाखांहून अधिक सायकली त्यातून दुरुस्त झाल्या. लोकांना नव्या सायकली वाटण्यापेक्षा पडलेल्या उभ्या करणं सरकारलाही सोपं गेलं.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी क्षेत्रं तिनं निवडली. बरं झालं. पण ज्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती, तिथं या गरिबाच्या वाहनाचा वेगळा उल्लेखही नसावा, हे खटकतं. कदाचित कुणाला वाटलं असेल, सायकल काय, कुणीही दुरुस्त करतं. तेच तर आता खरं राहिलेलं नाही.

आणि याचा फटका पुण्यातल्या गिअरच्या सायकलींना कमी, गावाकडे जास्त बसतो. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घ्यायला पैसे मिळतात. योजना चांगलीच आहे. सायकलीमुळे पोरी दहावीच्या पुढे जातात हे शिक्षकांना विचारलं की ते सांगतात. पण ती रक्कम सायकल घेण्यासाठी असते. दुसऱ्या पावसाळ्यात चाकाची तार तुटते, गावात आऊट काढणारं कुणी नसतं, तालुक्याला सायकल न्यायची तर जीपवाल्याचं भाडं पडतं आणि बापाची एक मजुरी बुडते. तिथं तो दुकानदारही म्हणणार, चाक बदला. मग सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि पोरगी पुन्हा पायी निघते किंवा निघतच नाही. शे-दीडशे रुपयांच्या कामासाठी हजारोंची सायकल बाद होते. ही उधळपट्टी कुठल्याच हिशेबात दिसत नाही, कारण सायकल वाटली याची नोंद होते, ती चालते का याची नोंद होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. सरकारनं सायकलीच्या योजनेत दरवर्षी एक दुरुस्तीचं कूपन घालावं, आणि ते मजुरीसाठी चालेल असं स्पष्ट लिहावं. ज्या शाळेत पन्नास-शंभर पोरी सायकलीवर येतात, तिथं वर्षातून दोनदा मिस्त्रीला मानधन देऊन बोलवावं. त्यानं चाकं तपासावीत, आणि ज्या पोरींना हौस आहे त्यांच्या हातात निपलची चावी द्यावी. तालुक्याच्या आयटीआयमध्ये लेथ आहे, व्हाइस आहे, शिकवणारे निदेशक आहेत. चाक बांधायचा पंधरा दिवसांचा वर्ग तिथं घ्यायला नव्या इमारतीची गरज नाही.

दुकानदारांनी मजुरीचा फलक लावावा. आऊट काढणे इतके, तार घालणे इतके, हब खोलणे इतके, आणि सगळ्यात वर: चाक तपासून लेखी सांगणे इतके. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा आणि तो का काढला हे पट्टी लावून दाखवावं. एवढं करणाऱ्या दुकानात माणसं लांबून येतील.

पण फलक लागेपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. पुढच्या वेळी कुणी ‘चाक बदला’ म्हणालं तर एवढंच म्हणा: “तपासा, कुठला भाग गेलाय ते दाखवा, तपासण्याचे दोनशे मी वेगळे देतो, मग काहीही निघो.” हे दोनशे देताना तुमचा हात आखडेल, माझाही आखडतो. पण ज्या क्षणी ते तुम्ही काउंटरवर ठेवता, त्या क्षणी समोरचा माणूस विक्रेता राहत नाही, तुमचा माप घेणारा होतो. त्यानंतर तो ‘बदला’ म्हणाला, तर बिनघोर बदला.